घरच्या धंद्यातल्या एका कडू पेयावर डाव लावला अन् कॅम्पारी इटलीबाहेर पोचली

लालभडक रंगाचं पेय, त्यात बर्फ आणि संत्र्याची फोड. इन्स्टावर इटलीचे फोटो बघताना हा ग्लास तुम्ही हमखास बघितला असेल. त्यातल्या लाल पेयाचं नाव कॅम्पारी, आणि हे एका माणसाचं आडनाव आहे.

तर गोष्ट सुरू होते गॅस्पारे कॅम्पारीपासून. १८२८ साली लोंबार्डीतल्या कॅसोलनोव्हो गावात, शेतकऱ्याच्या घरात त्याचा जन्म झाला. वयाच्या १४ व्या वर्षी पोरगं ट्युरिनला गेलं आणि मद्य बनवणाऱ्यांच्या हाताखाली काम शिकू लागलं.

इटलीत कडू मद्याची परंपरा जुनी. झाडांची मुळं, साली, संत्र्याच्या साली अल्कोहोलमध्ये भिजत घालायच्या, अर्क काढायचा आणि साखर घालून तो पिण्याजोगा करायचा. आधी हे काम मठांमध्ये आणि औषधवाल्यांकडे चालायचं. नंतर एकेका कुटुंबाने आपापली कृती धरली. मिलानमध्ये ब्रांका घराण्याचं फर्नेट १८४५ पासून होतं. ते जेवणानंतर पचनासाठी घ्यायचं. याउलट कॅम्पारी जेवणाआधी, भूक लागावी म्हणून.

१८६० मध्ये गॅस्पारेने नोव्हारा शहरात आपला धंदा सुरू केला आणि पुढे मिलान गाठलं. तिथे कॅथेड्रलशेजारी व्हिटोरियो इमॅन्युएल गॅलरी उभी राहत होती, म्हणजे काचेचं छत असलेला भव्य बाजार. १८६७ साली ती खुली झाली. गॅस्पारेचं कॅफे आणि घर तिथेच. त्याच वर्षी मुलगा झाला, दाविदे. गॅलरीत जन्मलेलं हे पहिलं मूल, असं सांगितलं जातं.

पण १८८२ मध्ये गॅस्पारे गेला. दाविदे तेव्हा अवघा १५ वर्षांचा. आई लेतिझियाने धंदा सांभाळला आणि दाविदे तिथेच तयार झाला.

आता खरी अडचण बघा. त्या काळी मिलानच्या प्रत्येक मोठ्या कॅफेचं स्वतःचं मद्य असायचं. ते विकलं जायचं तेवढ्याच चार भिंतींत. म्हणजे कॅफे बंद पडलं की कृतीही संपली. बापाचं मद्य टिकवायचं तर ते कॅफेबाहेर काढायला हवं होतं.

दाविदेने तेच केलं. १९०४ मध्ये मिलानजवळच्या सेस्तो सान जोव्हानीला कारखाना काढला. जे बार कॅम्पारी विकत घेतील त्यांनी तिची पाटी लावायची, अशी अट होती. पहिली निर्यात झाली फ्रान्समधल्या नीसला. यामागे एक किस्सा सांगतात. दाविदेचं मन ऑपेरा गायिका लीना कॅव्हालिएरीवर जडलं होतं. ती गायला नीसला गेली, म्हणून धंद्याचं निमित्त काढून हा पण तिथे पोचला. किस्सा खरा असो वा नसो, माल मात्र सातासमुद्रापार गेला.

१९१५ मध्ये त्याने गॅलरीच्या तोंडाशी कॅम्पारीनो नावाचा बार उघडला. तिथे तळघरातून थेट नळाला थंडगार सोडा यायचा.

मग त्याने सगळ्यात धाडसी निर्णय घेतला. कंपनी तेव्हा बरीच मद्यं बनवायची. १९२० च्या दशकात दाविदेने दोनच ठेवली, कडू कॅम्पारी आणि रासबेरीपासून बनणारं कॉर्डियल. बाकी सगळी बंद. चालता माल बंद करणं म्हणजे जोखीमच, पण त्यामुळे कॅम्पारी म्हणजे काय हे लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं.

जाहिरातीसाठी त्याने बड्या चित्रकारांना गाठलं. संत्र्याच्या सालीत गुंडाळलेला विदूषक हे कॅपिएल्लोचं १९२१ चं पोस्टर आजही प्रसिद्ध आहे. १९३२ मध्ये आली कॅम्पारी सोडा. एका माणसापुरतं, आधीच सोडा मिसळलेलं पेय. फॉर्तुनातो देपेरोने बनवलेली तिची शंकूसारखी बाटली आजही तशीच आहे, लेबल न लावलेली.

१९३६ मध्ये दाविदे वारला. पुढे कंपनी दुसऱ्या कुटुंबाच्या हातात गेली. लाल रंग पूर्वी कोचिनियल नावाच्या किड्यांपासून यायचा, तोही २००६ मध्ये बऱ्याच देशांत बदलला. कृती मात्र अजून गुपित आहे. आणि कंपनीच्या नावात आजही बापाचं नाही, पोराचं नाव आहे, दाविदे कॅम्पारी.