सुगरणीचे गुपित शोधणारे सालिम अली

सुगरण पक्षी तुम्हां सर्वांना माहीत आहे. नाल्याकाठच्या बाभळीवर आणि शिंदीवर तिचे खोपे लोंबकळत असतात. सुगरण हे नाव बाईचे, म्हणून आपल्याला वाटते की खोपा मादीच विणत असेल. पण खोपा विणतो तो नर! मादी आधी फक्त बघायला येते. या पाखरांचा संसार कसा चालतो हे ज्यांनी तासन् तास पाहून जगाला सांगितले, त्या डॉ. सालिम अली यांची माहिती मी लिहीत आहे.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईला झाला. ते भावंडांत सर्वांत धाकटे. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आई वारली. मग मामा-मामींनी त्यांना वाढवले. मामांना शिकारीचा नाद होता. सालिमलाही छऱ्याची बंदूक मिळाली. एक दिवस त्यांनी एक चिमणी मारली. बघतात तर काय, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! अशी चिमणी त्यांनी कधी पाहिली नव्हती. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. ही संस्था मुंबईत १८८३ साली सुरू झाली आणि आजही आहे. तिथल्या मिलार्डसाहेबांनी चिमणी ओळखली आणि पेंढा भरून ठेवलेले खूप सारे पक्षी दाखवले. त्या दिवसापासून सालिमला पाखरांचे वेडच लागले. चिमणी मारणारा मुलगा पुढे पाखरांचा राखणदार झाला, हे मला लई नवल वाटते.

कॉलेजचे पहिले वर्ष त्यांना जड गेले. म्हणून ते ब्रह्मदेशात घरच्या खाणीच्या धंद्यात गेले. पण तिथे धंदा कमी आणि जंगलातली पाखरे बघणे जास्त! १९१८ साली त्यांचे तहमीनाबाईंशी लग्न झाले. पुढे १९२६ साली मुंबईच्या संग्रहालयात लोकांना माहिती सांगण्याची नोकरी लागली. नंतर ते पक्ष्यांचा अभ्यास शिकायला जर्मनीत बर्लिनला गेले. शिकून परत आले तर नोकरीच गेली! संग्रहालयाकडे पगाराला पैसे नव्हते. मोठी पदवी नाही म्हणून दुसरीकडेही काम मिळेना.

दुसरा कोणी असता तर पाखरांचा नाद सोडून दिला असता. पण ते आणि तहमीनाबाई अलिबागजवळ समुद्रकाठी किहीम गावी राहायला गेले. १९३० सालचा पावसाळा होता. जवळच सुगरणींची वसाहत होती. सालिम अली रोज तिथे बसून बघत आणि वहीत लिहून ठेवत.

त्यांना काय दिसले ते ऐका. पावसाळ्यात नराच्या डोक्यावर पिवळीधम्म टोपी येते. तो गवताच्या किंवा धानाच्या पात्याची लांब चिरी चोचीने फाडून आणतो. अशा शेकडो फेऱ्या करून खोपा अर्धा विणतो आणि पंख फडफडवत मादीला बोलावतो. मादी आत शिरून खोपा तपासते. पसंत पडला तर जोडी जमते. मग नर उरलेला खोपा पुरा करतो आणि खाली लांब नळी विणतो. नापसंत पडला तर खोपा अर्धाच राहतो. खोपा पुरा झाला की मादी अंडी घालते, उबवते आणि पिले वाढवते. नर मात्र शेजारीच दुसरा खोपा विणायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो! १९३१ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केले आणि त्यांचे नाव झाले. नोकरी गेली नसती तर हे गुपित त्यांना कधी दिसले असते कोण जाणे!

लगेच १९३१-३२ साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला राजुरा तेव्हा निजामाच्या त्याच संस्थानात होता. तहमीनाबाई जंगलात तंबूत त्यांच्यासोबत राहत. १९३९ साली त्या वारल्या. सालिम अलींना फार दुःख झाले, पण त्यांनी काम सोडले नाही. १९४१ साली त्यांचे भारतातील पक्ष्यांवरचे पुस्तक निघाले. १९५० साली पक्षी-अभ्यासकांच्या सभेसाठी स्वीडनला जाताना त्यांनी आपली मोटारसायकल बोटीने नेली आणि युरोपात तिच्यावर फिरले. तेव्हा ते पन्नाशी पार केलेले होते!

राजस्थानात भरतपूरच्या तळ्यावर त्यांनी पाखरांच्या पायात नंबर लिहिलेली हलकी कडी घातली. तशी कडी घातलेली बदके पार सायबेरियात सापडली. एवढेसे पाखरू एवढ्या दूर जाते, हे असे कळते. भरतपूरचे ते पाणथळ रान वाचवायला त्यांनी खूप धडपड केली. सरकारने त्यांना १९५८ साली पद्मभूषण व १९७६ साली पद्मविभूषण दिले. ज्यांच्याजवळ मोठी पदवी नव्हती त्यांना विद्यापीठांनी मानाने डॉक्टर केले. २० जून १९८७ रोजी ते वारले.

आता आपल्या गावचे सांगते. दिवाळीच्या सुमारास धान निघते आणि सुगरणीचे खोपे रिकामे दिसतात. मग पोरं दगड मारून किंवा काठीने ते पाडतात आणि घरी खेळायला नेतात. पण रिकामा दिसणारा खोपा बिनकामाचा नसतो. मुनिया नावाची छोटी पाखरे कधी कधी त्याच जुन्या खोप्यात राहायला येतात आणि अंडीही घालतात. म्हणजे खोपा पाडला तर कुणाचे तरी घर मोडते. धुऱ्यावरची बाभूळ तोडली तर पुढच्या पावसाळ्यात सुगरणीने खोपा बांधायचा कुठे?

आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. पाच तारखेला मारुती चितमपल्ली यांचा आणि बारा तारखेला सालिम अलींचा जन्मदिवस येतो. या सप्ताहात सर्वांनी नाल्यावर जावे आणि खोपे मोजावे. नळीवाले किती आणि अर्धे किती, ते वहीत लिहावे. अर्धे म्हणजे नापसंत झालेले, हे आता तुम्हांला माहीत आहे. मात्र एकही खोपा पाडू नये.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी