एला शेपर्ड : ज्युबिली गायकवृंदाची माउली

रविवारच्या मिस्साला आपल्या धर्मग्रामातील गायकवृंद चार आवाजांत गाऊ लागला, की आपण सहज तल्लीन होतो. पेटी, ऑर्गन, गिटार यांची साथ असतेच. पण कधी वीज जाते, वाद्ये थांबतात आणि केवळ मानवी कंठ उरतो. त्या क्षणी गाणे जास्त खोल उतरते, असा आमचा अनुभव आहे. वाद्यांच्या साथीशिवाय गायल्या जाणाऱ्या भक्तिगीतांना जगाच्या व्यासपीठावर मान मिळवून दिला तो अमेरिकेतील गुलामांच्या मुलांनी. त्या मुलांच्या गायकवृंदाचा कणा होत्या एला शेपर्ड. त्यांचा अल्प परिचय आम्ही आज वाचकांसमोर ठेवीत आहोत.

एलाचा जन्म १८५१ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल परिसरात झाला. आई सारा गुलाम होती, म्हणून कायद्याने लेकही गुलाम. मालकीण आपल्या चिमुरड्या मुलीला आईवरच पाळत ठेवायला शिकवीत आहे, हे साराच्या लक्षात आले तेव्हा तिचा धीर सुटला. लेकीला कडेवर घेऊन ती नदीकडे धावली. दोघींचा शेवट करायचा, एवढेच तिच्या मनात होते. वाटेत एका वृद्ध गुलाम स्त्रीने तिला अडविले. या बाळाकडून परमेश्वराला काही कार्य करून घ्यायचे आहे, असे सांगून तिने तिला माघारी वळविले. ही हकिकत पुढे एला यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

वडील सायमन यांनी स्वतःचे स्वातंत्र्य आधीच विकत घेतले होते. त्यांनी ३५० डॉलर मोजून लेकीला सोडविले. पत्नीला सोडवायला मात्र मालकीण तयार झाली नाही. साराला मिसिसिपी राज्यात नेण्यात आले आणि मायलेकींची ताटातूट झाली. स्वतःचेच मूल बाजारभावाने विकत घेणाऱ्या बापाच्या मनाची कल्पना आज आपल्याला करवत नाही. एवढ्यावरही भागले नाही. सायमन कर्जात बुडाले, तेव्हा सावकार मुलीलाच मालमत्ता म्हणून जप्त करतील या भीतीने त्यांना ओहायो राज्यातील सिनसिनाटी शहरात पळ काढावा लागला.

तेथे एला शाळेत जाऊ लागली, पियानो शिकू लागली. १८६६ मध्ये पटकीच्या साथीत वडील वारले. कर्जापोटी पियानोही गेला. पुढे एका नामांकित गायनशिक्षिकेने तिला शिकविण्याचे मान्य केले, पण एका अटीवर : कृष्णवर्णीय मुलगी आपल्याकडे शिकते हे कोणाला कळता कामा नये. म्हणून संध्याकाळी, मागच्या दाराने आत जायचे. असे मोजके बारा धडे तिला मिळाले.

नंतर गॅलाटिन गावी तिने शिक्षिकेची नोकरी केली. पाच महिन्यांच्या नोकरीत शिल्लक पडले ते सहा डॉलर. तेवढ्या पुंजीवर १८६८ साली ती नॅशव्हिलच्या फिस्क विद्यालयात दाखल झाली. अमेरिकन मिशनरी असोसिएशन या प्रॉटेस्टंट संस्थेच्या आश्रयाने १८६६ मध्ये सुरू झालेले हे विद्यालय लष्करी इस्पितळाच्या जुन्या बराकींत भरत असे. खजिना सदैव रिकामा. शिकता शिकताच एला तेथे संगीत शिकवू लागल्या. त्या विद्यालयाच्या अध्यापकवर्गातील त्या पहिल्या कृष्णवर्णीय व्यक्ती.

विद्यालय बंद पडण्याच्या बेतात आले, तेव्हा खजिनदार व संगीतशिक्षक जॉर्ज व्हाईट यांनी मुलांना घेऊन गायनाचे दौरे करण्याचे ठरविले. ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ गायक नॅशव्हिलहून निघाले. पियानोवादक, सोप्रानो गायिका आणि व्हाईट यांच्या साहाय्यक या तिन्ही जबाबदाऱ्या एला यांच्याकडे आल्या. तेव्हा त्या अवघ्या वीस वर्षांच्या होत्या.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. आज जी गीते ‘स्पिरिच्युअल्स’ म्हणून जगाला ठाऊक आहेत, ती लोकांपुढे गाण्यास ही मुले आरंभी राजी नव्हती. ती गीते आईबापांची होती. शेतात राबताना, रात्री गुपचूप जमून ती गायिली जात. त्यांत गुलामगिरीची आठवण होती आणि परमेश्वराशी केलेले अगदी खाजगी बोलणेही. त्याचा तमाशा का मांडावा, असे त्यांना वाटे. म्हणून बहुधा प्राध्यापक स्पेन्स यांच्या बैठकीच्या खोलीत दारे-खिडक्या लावून, जमिनीवर बसून ती हलक्या आवाजात म्हटली जात आणि व्हाईट यांना शिकविली जात. जाहीर कार्यक्रमांत मात्र त्या काळची प्रतिष्ठित युरोपीय वळणाची गाणीच असत. आमच्या मते ही मुलांची भित्री वृत्ती नव्हती. जे पवित्र आहे ते झाकून ठेवण्याची ती लाज होती.

पहिले आठवडे अपमानाचे गेले. हॉटेले जागा देत नसत, थंडीत पुरेसे कपडे नव्हते. त्याच सुमारास शिकागो शहर आगीत भस्मसात झाले. स्वतःचे खिसे रिकामे असतानाही या गायकांनी चिलिकोथी गावच्या कार्यक्रमाची पन्नास डॉलरच्या आतली सारी मिळकत आगग्रस्तांना देऊन टाकली.

कोलंबस शहरात एका रात्रीच्या प्रार्थनेनंतर व्हाईट यांनी वृंदाला ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिले. लेवीय ग्रंथात पन्नासावे वर्ष ज्युबिलीचे सांगितले आहे; त्या वर्षी दासांची मुक्तता होई. २००० आणि २०२५ ही पवित्र वर्षे साजरी केलेल्या आपणांस या नावाचे मर्म वेगळे सांगायला नको. नोव्हेंबरात ओबर्लिन येथे धर्मोपदेशकांच्या परिषदेपुढे त्यांनी बंद खोलीतली ती गीते गायिली. अत्यंत हळू, जवळजवळ कुजबुजीपासून सुरुवात, वाद्य नाही, सारे श्वास एकत्र. सभा स्तब्ध झाली. तेथून दिवस पालटले. त्यानंतर ब्रुकलिनच्या प्लिमथ चर्चमध्ये आणि राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायन झाले. १८७२ च्या वसंतात वृंद परतला तो २०,००० डॉलर घेऊन.

१८७३ मध्ये ते इंग्लंडला गेले आणि राणी व्हिक्टोरियासमोर गायिले. पुढे हॉलंड, जर्मनी. १८७८ पर्यंत जमलेली रक्कम दीड लाख डॉलरच्या घरात गेली. तिच्यातून विद्यालयाची जमीन आणि १ जानेवारी १८७६ रोजी समर्पित झालेली ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य वास्तू उभी राहिली. टाळ्या वृंदाला मिळाल्या. रोजची तालीम, स्वरांची बांधणी, गीते जमवून लिहून काढणे ही कामे बहुतांशी एला यांची. गायक बदलत गेले, आजारपणे आली, त्यांचीही प्रकृती वारंवार बिघडली. पण प्रत्येक नव्या आवाजाला घडवून घेण्याचे काम त्यांच्याकडेच राहिले.

मूळ वृंद १८७८ मध्ये विसर्जित झाला. त्यातील एक गायक फ्रेडरिक लाऊडिन यांनी पुढे स्वतःचा संच काढून १८८४ ते १८९० या काळात जगप्रवास केला. त्यात आपल्या भारतातही ही गीते गायिली गेली. एला यांनी १८८२ साली धर्मोपदेशक जॉर्ज मूर यांच्याशी विवाह केला. वॉशिंग्टन येथे पतीच्या मंडळीत सेवाकार्य केले, नंतर नॅशव्हिलला परतून फिस्कच्या नव्या पिढीतील गायकवृंदांना मार्गदर्शन केले. आपल्या दुरावलेल्या आईला त्यांनी शोधून काढले होते. नॅशव्हिलच्या घरी तिला आपल्याजवळ आणले. नदीकाठावरून परतलेल्या त्या दोघींना पुन्हा एका छपराखाली राहता आले, हे वाचून आमचे मन भरून येते.

पुढच्या शतकात शिकागोमध्ये बहरलेल्या गॉस्पेल संगीताची मुळे याच गीतांत आहेत. आपल्या कॅथोलिक ख्रिस्तसभेतही ती पोहोचली. कृष्णवर्णीय कॅथोलिक भाविकांसाठी अमेरिकेत १९८७ मध्ये निघालेल्या उपासना-गीतसंग्रहात स्पिरिच्युअल्सना मानाचे स्थान आहे.

९ जून १९१४ रोजी एला शेपर्ड मूर यांचे निधन झाले. नॅशव्हिलच्या शहर दफनभूमीत त्या विसावल्या आहेत. फिस्कमध्ये ६ ऑक्टोबर हा ‘ज्युबिली दिन’ म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी आजचे विद्यार्थी-गायक आपल्या पूर्वसूरींच्या कबरींपाशी जाऊन, वाद्यांशिवाय, तीच गीते गातात.