श्रीरामानुजाचार्य आणि न तुटणारा संबंध

कीर्तनात श्रीरामानुजाचार्यांचे नाव निघाले की तिरुकोष्टियूरचे मंदिर डोळ्यांपुढे येते. गोष्ठीपूर्णांकडे अठरा खेपा घालून मिळवलेला मंत्र त्यांनी उंचावर चढून सर्वांना ऐकवला, ही कथा आम्हीही पुष्कळदा रंगवली. तिचे मूळ मात्र श्रीभाष्य हाती घेतल्यावरच थोडेबहुत उमगले.

आचार्यांचा जन्म श्रीपेरुंबुदूरचा, परंपरेप्रमाणे सन १०१७ चा. कांचीस यादवप्रकाशांकडे शिकताना गुरूशी मतभेद झाला. तिथेच वरदराजाचे सेवक कांचीपूर्ण भेटले. ते ब्राह्मण नव्हते, तरी रामानुजांनी त्यांना गुरुस्थानी मानून जेवायला बोलावले. आचार्य घरी नसताना ते जेवून गेले. पत्नीने उरलेले अन्न देऊन टाकले, जागा सारवली, स्नान केले. ही गोष्ट आचार्यांच्या फार जिव्हारी लागली, असे चरित्रकार सांगतात. पुढे त्यांनी संन्यास घेतला आणि यामुनाचार्यांच्या मागे श्रीरंगमची गादी सांभाळली.

आता थोडे शास्त्र. कंटाळू नका. गुलाब आणि त्याचा तांबडेपणा एकत्र कसे राहतात? नैयायिक म्हणतात, समवाय नावाच्या निराळ्या पदार्थामुळे. पाठशाळेत आम्ही हे घोकले, अर्थ न विचारता! पण दोन फळ्या जोडायला खिळा लागतो, तर खिळा फळीला जोडायला आणखी काय आणायचे? त्यालाही पुन्हा काही लागणारच. यालाच अनवस्था म्हणतात. हा आक्षेप श्रीशंकराचार्यांनीही घेतला होता. पुढे वाटा फुटल्या. रामानुजांच्या मते संबंध खराच आहे, मात्र मध्ये तिसरे काही नको; गुण वस्तूवाचून असूच शकत नाही. त्यांच्या संप्रदायात याला अपृथक्सिद्धी म्हणतात. शरीर म्हणजे काय? आत्मा ज्याला धरून ठेवतो, चालवतो आणि जे केवळ त्याच्यासाठीच असते, ते. सारे जीव आणि जगत् अशा अर्थाने देवाचे शरीर. आमची बैठक ज्ञानोबारायांच्या अद्वैताची, तेव्हा सगळेच पटते असे नाही. पण मग देवाच्या बाहेरचा म्हणून कोणाला काढायचे, हा प्रश्न आम्हांस सोडत नाही.

चोळ राजाच्या जाचामुळे आचार्यांना श्रीरंगम सोडून होयसळांच्या मुलखात जावे लागले. तिथे मेलकोटचे देऊळ त्यांनी नांदते केले आणि ज्यांना अस्पृश्य म्हणत त्यांना आत घेतले, असे परंपरा सांगते. पण वर्षातून तीनच दिवस. त्या काळी तेही मोठे धाडस, हे खरे. तरीपण ज्याने संबंध क्षणभरही तुटत नाही असे सिद्ध केले, त्याच्या देवळात उरलेले दिवस दार बंद! चोखोबांची पायरी रोज ओलांडणाऱ्या आम्ही तरी कोणत्या तोंडाने दोष द्यावा?

पुढे ते श्रीरंगमला परतले. परंपरेनुसार सन ११३७ मध्ये, एकशेवीस वर्षांचे होऊन, त्यांनी देह ठेवला. तो देह रंगनाथाच्या प्राकारातच, बसलेल्या स्थितीत जपून ठेवला आहे, अशी तेथील भक्तांची श्रद्धा आहे.