सदाको आणि तिचे वर्गमित्र

तुम्ही कागदाची होडी केली असेल ना? जपानमधली मुलं कागदाचे क्रौंच पक्षी करतात. हजार क्रौंच केले की मनातली इच्छा पूर्ण होते, असं तिथे मानतात. सदाको सासाकी नावाच्या मुलीनेही असे क्रौंच केले.

सदाकोचा जन्म १९४३ साली हिरोशिमा शहरात झाला. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अमेरिकेने या शहरावर अणुबॉम्ब टाकला. तेव्हा सदाको फक्त दोन वर्षांची होती. तिला वरवर काहीच लागलं नाही. ती मोठी झाली, शाळेत जाऊ लागली. ती खूप जोरात धावायची! सहावीत ती वर्गाच्या रिले संघात होती.

मग एक दिवस तिच्या मानेवर गाठी दिसल्या. डॉक्टरांनी तपासलं. तिला रक्ताचा कर्करोग झाला होता. बॉम्ब पडून नऊ वर्षं झाली होती, मग हा आजार आता कसा? अणुबॉम्बमधून किरणोत्सर्ग बाहेर पडतो. तो डोळ्यांना दिसत नाही, पण शरीराला इजा करतो. ती इजा कधी कधी खूप वर्षांनी कळते.

फेब्रुवारी १९५५ मध्ये सदाको दवाखान्यात गेली. नागोया शहरातल्या विद्यार्थ्यांनी तिथल्या रुग्णांसाठी कागदी क्रौंच पाठवले. ते पाहून सदाकोही क्रौंच करू लागली. कागद कमी पडला, तर ती औषधाच्या पुडीचा कागद घ्यायची. काही पुस्तकांत लिहिलंय की तिचे हजार क्रौंच झाले नाहीत. पण तिच्या भावाने सांगितलं आहे की हजारापेक्षा जास्त झाले होते. तरी ती बरी झाली नाही. २५ ऑक्टोबर १९५५ रोजी ती वारली. ती बारा वर्षांची होती.

तिचे वर्गमित्र खूप रडले. पण ते नुसते रडत बसले नाहीत. बॉम्बमुळे गेलेल्या सगळ्या मुलांसाठी स्मारक हवं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी पत्रकं वाटली, पैसे मागितले. जपानमधल्या तीन हजारांहून जास्त शाळांनी मदत केली. परदेशांतूनही पैसे आले. ५ मे १९५८ रोजी, जपानच्या बालदिनी, हिरोशिमात स्मारक उभं राहिलं. त्यावर एक मुलगी दोन्ही हातांनी मोठा क्रौंच वर धरून उभी आहे.

आजही जगभरातली मुलं तिथे क्रौंच पाठवतात. अणुबॉम्ब पुन्हा कुठेच पडू नये, हे सांगण्यासाठी. पण आजही नऊ देशांकडे अण्वस्त्रं आहेत. त्यांत अमेरिका आहे, ब्रिटन आहे आणि आपला भारतही आहे. म्हणजे सदाकोच्या मित्रांचं काम अजून संपलेलं नाही.

शब्दार्थ
क्रौंच – लांब मानेचा, लांब पायांचा पक्षी
इजा – दुखापत
पत्रक – माहिती छापलेला कागद
अण्वस्त्र – अणुबॉम्बसारखं शस्त्र

सांगा पाहू
१. सदाकोला आजार इतक्या उशिरा का झाला?
२. वर्गमित्रांनी स्मारकासाठी काय काय केलं?
३. तुम्ही क्रौंच पाठवला, तर सोबत काय लिहाल? मराठीत दोन वाक्यं लिहा.