जीप आणणारा केंब्रिजवाला

आजऱ्यातून गवशाकडे जाताना एखाद्या घराच्या परड्यात डोकावून बघा. शेणी, सरपण, फाटकी ताडपत्री आणि तिच्याखाली जीप. टायर बसलेले, बॉनेटवर कोंबडी. विचारलं तर घरातले सांगतात, आजोबांची हाय, भर पावसात किटवड्यापर्यंत जायची. झालं, तुमच्या डोक्यात किडा वळवळायला लागतो. ही गाडी उठवायची. चकाचक करायची. कॉलेजच्या गेटवर नेऊन उभी करायची.

नाद काही वाईट नाही. पण पान्याला हात लावण्याआधी एका माणसाची ओळख करून घ्या. ही ओळख नसली की जुनी जीप घेणारे हमखास एक चूक करतात, आणि ती चांगलीच महागात पडते.

त्या माणसाचं नाव कैलासचंद्र महिंद्रा. महिंद्रा अँड महिंद्रामधले दुसरे महिंद्रा. पहिले त्यांचे थोरले भाऊ जगदीशचंद्र. कैलासचंद्रांचा जन्म १८९४ चा, लुधियानाचा. वडील लवकर गेले आणि भावंडांचा सगळा गाडा जगदीशचंद्रांच्या खांद्यावर आला. स्वतः मुंबईच्या व्हीजेटीआयमध्ये शिकलेल्या या भावाने धाकट्याला केंब्रिजला पाठवलं. तिथे कैलासचंद्र अभ्यासात चमकलेच, शिवाय हॉकी खेळले, नावा वल्हवल्या.

आता तुम्हाला वाटेल, पुढे गाड्यांचं शिक्षण वगैरे. अजिबात नाही. या माणसाने काही काळ हिंदुस्तान रिव्ह्यू हे मासिक संपादित केलं. कलकत्त्याच्या मार्टिन कंपनीत मोठ्या पदावर काम केलं आणि तिथले प्रमुख, उद्योगपती सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचं चरित्र लिहिलं. म्हणजे जीप आपल्याकडे आणणारा माणूस लेखणीचा आणि हिशेबाचा होता, ग्रीसने हात काळे करणारा मेस्त्री नव्हता. आर्ट्स-कॉमर्सवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही.

१९४२ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, ते युद्धकाळातल्या भारतीय खरेदी मंडळाचे प्रमुख म्हणून अमेरिकेला गेले. तिकडे तेव्हा जीपचा धुमाकूळ चालू होता. अमेरिकन लष्कराने १९४० मध्ये हलक्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची मागणी काढली आणि नमुना करून द्यायला मुदत दिली अवघी ४९ दिवसांची. बँटम नावाच्या छोट्या कंपनीने ती पाळली. मोठ्या ऑर्डरी मात्र विलीज आणि फोर्डला गेल्या. विलीजच्या गाडीचं इंजिन बार्नी रूस या इंजिनिअरने सुधारलेलं, चार सिलिंडरचं, ६० हॉर्सपॉवरचं. युद्ध संपेपर्यंत दोन्ही कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या.

या रूसची आणि कैलासचंद्रांची गाठ पडली. जगासाठी जीप ही रणगाड्याची धाकटी बहीण होती. कैलासचंद्रांना तिच्यात आपल्याकडचा कच्चा रस्ता दिसला. चिखल, ओढे, बैलगाडीच्या चाकोऱ्या. जूनमधल्या आजऱ्याची कुठलीही पाणंद डोळ्यांसमोर आणा, मग त्यांचं गणित लगेच कळेल.

२ ऑक्टोबर १९४५ ला दोघा भावांनी गुलाम मोहम्मद या तिसऱ्या भागीदाराबरोबर कंपनी काढली. नाव महिंद्रा अँड मोहम्मद, धंदा पोलादाचा. कैलासचंद्र तेव्हा ५१ वर्षांचे होते. दोन वर्षांत देशाची फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि पुढे गव्हर्नर जनरलसुद्धा. नव्या कंपनीतला एक खांब असा निखळला. १९४८ मध्ये पाटी बदलून महिंद्रा अँड महिंद्रा झाली. १९५१ मध्ये जगदीशचंद्रही गेले. ज्याने केंब्रिजला धाडलं तो भाऊ गेला आणि कंपनीची सगळी जबाबदारी धाकट्यावर आली. त्या काळात त्यांच्या मनात काय चाललं असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

गाडीचं काम मात्र थांबलं नाही. सुरुवातीच्या जीप अमेरिकेतून सुट्या भागांच्या पेट्यांत यायच्या आणि मुंबईत माझगावला जोडल्या जायच्या. पण नुसतं जोडून देणं हा कैलासचंद्रांचा हेतू नव्हता. मोटार आणि ट्रॅक्टर उद्योगाबद्दल सरकारने नेमलेल्या पॅनेलचे ते अध्यक्ष होते. देशात काय बनू शकतं आणि काय नाही, याचा हिशेब त्यांना पाठ असणार. हळूहळू एकेक परदेशी भाग बाद होत गेला, त्याच्या जागी इथला आला. अमेरिकेत १९६८ मध्ये बंद पडलेलं सीजे-३बी हे मॉडेल आपल्याकडे त्यानंतरही कितीतरी वर्षं बनत राहिलं. तुमच्या परड्यातली जीप बहुधा हीच किंवा हिची लेकरं.

आणि इथेच ती चूक होते. पोरं ही गाडी घेतात आणि तिला महायुद्धातली विलीज बनवायला बसतात. बॉनेटवर पांढरा तारा, मिलिटरी हिरवा रंग, युद्धातल्या जीपसारखी नऊ फटींची जाळी. खर्च लाखात जातो आणि जाणकार एका नजरेत ओळखतो. युद्धातल्या जीपचं बॉनेट बसकं असतं. सीजे-३बीचं उंच, कारण आतलं नवं इंजिनच उंच होतं, व्हॉल्व्हची एक रांग वर गेल्यामुळे. फोर्डच्या खऱ्या युद्धजीपवर तर बोल्टांच्या डोक्यावरसुद्धा एफ हे अक्षर कोरलेलं असतं. ते कुठून आणणार? एका माणसाने उतारवयातली उमेद घालून ज्या गाडीतला अमेरिकन भाग काढून देशी भाग बसवला, त्या गाडीतून तुम्ही देशी भाग काढून अमेरिकन दिसणारा पत्रा ठोकताय. माझ्या मते हे रिस्टोरेशन नव्हे, नाटकाचा मेकअप झाला.

त्यापेक्षा चेसी बघा. पाट्यांच्या स्प्रिंगा जिथे चेसीला अडकतात तिथे गंज खातो, हातोडीने ठोकून आवाज ऐका. आमच्या पावसात तळाचा पत्रा तर गेलेलाच असतो, तो नवा घालण्यात कमीपणा नाही. फोर-व्हीलचा दांडा टाकून बघायचा तो चिखलात. डांबरावर वळताना पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि गिअर ताणले जातात. पेट्रोल परवडेना म्हणून कुणी मधेच डिझेल इंजिन बसवलं असेल, तर त्याची नोंद आरसी बुकात आहे का ते आधी पाहा.

कागदाची गंमत वेगळीच आहे. २०२१ पासून केंद्राच्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, नंबरात व्हीए अक्षरं. मूळ रूप म्हणजे तुमच्या गाडीचं मूळ रूप बरं का, युद्धाच्या सिनेमातल्या जीपचं नव्हे. आणि ही नोंदणी घेतली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला नेता येते. रोज कॉलेजला नाही. वडाप तर विसराच.

कैलासचंद्र १९६३ मध्ये गेले. त्याच्या दहा वर्षं आधी, १९५३ मध्ये, त्यांनी शिक्षणासाठी ट्रस्ट काढला. परदेशात पदव्युत्तर शिकायला जाणाऱ्यांना तो आजही बिनव्याजी कर्जाची शिष्यवृत्ती देतो. मोठ्या भावाने आपल्याला केंब्रिजला पाठवलं, हे ते विसरले नसावेत. तुमच्यापैकी कुणाचा तसा विचार असेल तर फॉर्मवरचं के. सी. महिंद्रा हे नाव आता ओळखीचं वाटेल.

जीपचं म्हणाल तर या रविवारी ताडपत्री काढू नका. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आरसी बुक विचारा. जुन्या पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिका आणि सोसायटीच्या पावत्यांखाली सापडेल. मग दातांचा जुना ब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन गाडीवरची पाटी घासा. नंबर जुळला, तर मेस्त्रीला फोन करा.