आयगरवर राहिलेले नाव

२२ मार्च १९६६. स्वित्झर्लंडमधील आयगरच्या उत्तर कड्याकडे पायथ्याहून दुर्बिणीने पाहणाऱ्या पत्रकाराला एक मानवी आकृती कोसळताना दिसली. सात मिलिमीटर जाडीचा दोर तुटला होता. जॉन हार्लिन गेले, तेव्हा ते अवघ्या तिशीत होते.

अमेरिकी हवाई दलातील या वैमानिकाने १९६२ मध्ये हाच कडा सर केला होता. तो चढणारे ते पहिले अमेरिकी. १९६५ मध्ये रॉयल रॉबिन्स यांच्यासह त्यांनी फ्रान्समधील द्रू शिखराच्या पश्चिमेकडील ग्रॅनाइटच्या भिंतीवर थेट वर जाणारी नवी वाट काढली. प्रस्तरारोहणात ती मोठी झेप होती. वळसे टाळून सरळ माथा गाठायचा, हा त्यांचा ध्यास. आयगरवर तोच जिवावर बेतला. सहकारी मात्र मागे फिरले नाहीत. २५ मार्चला त्यांनी शिखर गाठले आणि त्या वाटेला हार्लिन यांचे नाव दिले.

घरी नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याचेही नाव जॉन. तोही गिर्यारोहक झाला, पण आयगरचा उत्तर कडा मनात सलत राहिला. अखेर २००५ मध्ये, जवळपास चार दशकांनी, त्याने तो सर केला. वडिलांच्या वाटेने नव्हे, तर १९३८ च्या मूळ वाटेने. हा विवेक वाखाणण्याजोगा. त्या वेळी त्याची स्वतःची मुलगीही नऊ वर्षांचीच होती.