आधी देश, मग बायका?

‘जन गण मन’ सुरू झालं की आपण उभ्या राहतो. पण मदनपल्लीला १९१९मध्ये रवींद्रनाथांच्या तोंडून ते ऐकून त्याची स्वरलिपी करणाऱ्या आयरिश बाईंचं नाव किती जणींना ठाऊक आहे?

मार्गारेट कझिन्स. जन्म १८७८चा, आयर्लंडमधल्या बॉइल गावचा. डब्लिनला संगीत शिकल्या, १९०३मध्ये कवी जेम्स कझिन्स यांच्याशी लग्न झालं. आयर्लंडला आपली ओळख नव्याने सापडत होती तो हा काळ. इंग्रजांच्या राज्यात मागे पडलेली आयरिश भाषा जगवायला १८९३मध्येच गेलिक लीग निघाली होती. जुन्या लोककथांवर कविता-नाटकं रचली जात होती, १९०४मध्ये अ‍ॅबी थिएटर उघडलं. येट्ससारख्या मंडळींत या जोडप्याची ऊठबस.

पण या जागरणात बाईची जागा कुठे? स्वराज्यासाठी भांडणारे आयरिश पुढारीच स्त्रियांच्या मताधिकाराला आडवे येत. आधी देश, मग बायका, असा हिशेब! (आमच्या मंडळात उल्हासनगरच्या सिंधी मैत्रिणी येतात, अंबरनाथ-बदलापूरच्या आम्ही मराठी. आपली भाषा टिकावी ही तळमळ दोन्हीकडे सारखीच. आणि समाजाच्या कमिटीवर बाईचं नाव सुचवलं की मिळणारं उत्तरही सारखंच, ते नंतर बघू!)

मार्गारेटबाईंनी हे ‘नंतर’ मानलं नाही. १९०८मध्ये हॅना शीही-स्केफिंग्टन यांच्यासोबत त्यांनी स्त्री मताधिकारासाठी संघटना काढली. १९१३मध्ये डब्लिन कॅसलच्या काचा फोडून तुरुंगात गेल्या, तिथे उपोषण केलं. पियानोवर फिरणाऱ्या हातात दगड, कल्पना करा!

१९१५मध्ये त्या भारतात आल्या. इथेही स्वराज्याची चळवळ, इथेही तोच धोका. १९१७मध्ये माँटेग्यूसाहेबांपुढे सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ गेलं, त्यामागे धडपड मार्गारेटबाईंची. १९२१मध्ये आपल्या मुंबई इलाख्यात स्त्रियांना मत मिळालं, अर्थात मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मोजक्या जणींनाच. १९२७च्या जानेवारीत पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात अखिल भारतीय महिला परिषद भरली, ती त्यांच्याच पुढाकाराने. अध्यक्षपदी मात्र बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई. हे मला फार आवडतं.

१९३२मध्ये सरकारच्या दडपशाहीविरुद्ध जाहीर बोलल्या म्हणून वेल्लोरचा तुरुंगही पाहिला. पुढे अर्धांगवायूने गाठलं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या प्रत्येक प्रौढ बाईला मत मिळालं, तेव्हा त्या हयात होत्या. ११ मार्च १९५४ला अड्यारला त्या गेल्या.